पाठीवर बर्फ, पोटात ऊब

लडाखमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे १५ अंशांच्या आसपास उतरतो. रात्री बर्फ पडून गेला असेल, तर सकाळी उघड्या आवारातल्या घोड्यांच्या पाठीवर बोटभर पांढरा थर साचलेला दिसतो. पापण्यांवर हिमाचे कण, नाकपुड्यांभोवती गोठलेला श्वास. लेहच्या परिसरातल्या एका गावात मी हे पाहिलं तेव्हा पोटात कालवलं. शेजारी घोड्यांचे मालक उभे होते. म्हातारा माणूस; गावात सगळे त्यांना मेमे-ले, म्हणजे आजोबा म्हणतात. त्यांनी मला हातमोजा काढायला लावला आणि माझी बोटं एका घोड्याच्या आयाळीखाली, दाट केसांतून थेट कातडीपर्यंत घुसवली. आत चांगली ऊब होती. वरचा बर्फ मात्र तसाच कोरडा. तो वितळत नाही, कारण अंगातली ऊब बाहेर गळत नाही. मेमे-लेंच्या मते काळजी करावी ती ज्याच्या पाठीवर बर्फ टिकत नाही त्या घोड्याची.

थंडीत जनावराला काय हवं, हे आपण बहुतेक वेळा स्वतःच्या अंगावरून ठरवतो. आपल्याला गार वाटलं की आपण पांघरूण घेतो, दारं-खिडक्या लावतो, शेकोटी पेटवतो, गरम चहा पितो. घोड्यावर प्रेम असलेला माणूसही हेच करायला जातो. अंगावर झूल चढवतो, तबेल्याची झडप लावतो, गुळाचा खडा भरवतो. घोड्याचं शरीर मात्र वेगळ्या नियमांनी चालतं. त्याला पोटभर वैरण लागते, पिण्याजोगं पाणी लागतं, वाऱ्याला आडोसा लागतो आणि पाठ कोरडी लागते. या चार गोष्टी मिळाल्या तर तो गोठवणाऱ्या हवेतही खुशाल राहतो. त्या हुकल्या तर मे महिन्यातही कुडकुडतो. आणि या चारही गोष्टी माणसाच्या हातात असतात.

केस उगवतात उन्हाच्या हिशेबाने

घोड्याचा हिवाळी केसांचा थर थंडी पडल्यावर उगवायला लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याची तयारी कितीतरी आधी सुरू होते. दिवस लहान होऊ लागले की डोळ्यांत शिरणारा प्रकाश कमी होतो, मेंदूतल्या संप्रेरकांचं प्रमाण बदलतं आणि कातडीला लांब, दाट केस धरण्याचा हुकूम सुटतो. भाद्रपद-आश्विनात, हवा अजून उबदार असतानाच हे काम चालू झालेलं असतं. म्हणूनच ज्या तबेल्यांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, तिथल्या घोड्यांना पुरता हिवाळी कोट येत नाही. प्रदर्शनाचे घोडे तुळतुळीत दिसावेत म्हणून काही मालक ही युक्ती मुद्दाम वापरतात. मग अशा घोड्याची ऊब सांभाळण्याची जबाबदारी पूर्णपणे मालकावर येते.

थंडी वाढली की प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला बारीक स्नायू आकसतो आणि केस उभा राहतो. उभ्या केसांमध्ये हवा अडकते, आणि ही अडकलेली हवाच घोड्याचं खरं संरक्षण करते. केस भिजले, चिखलाने चिकटले किंवा वरून दाबले गेले की हवा निघून जाते. हिवाळ्यात खरारा करायचा तो वाळलेला चिखल काढून केस मोकळे करण्यासाठी. घोडा धुवायचा नाही, कारण कातडीवरचं नैसर्गिक तेल पाणी आत शिरू देत नाही आणि धुण्याने तेच निघून जातं.

किती थंडी घोड्याला सोसते, याला शास्त्रात एक मोजमाप आहे. विशिष्ट तापमानापर्यंत शरीर जास्तीची शक्ती न खर्चता आपली ऊब राखू शकतं. त्याच्या खाली गेलं की अंग गरम ठेवायला वेगळं इंधन जाळावं लागतं. कॅनडातल्या नादिया सिंबालुक आणि जी. आय. क्रिस्टिसन यांनी १९९० मध्ये या विषयावरचं संशोधन एकत्र मांडलं. थंडीला सरावलेल्या, भरल्या अंगाच्या प्रौढ घोड्यासाठी ही सीमा साधारण उणे १५ अंशांवर येते. थंडीची सवय नसलेल्या किंवा केस कातरलेल्या घोड्यासाठी ती सुमारे ५ अंशांवरच असते. लहान शिंगरांना आणि हडकलेल्या म्हाताऱ्या घोड्यांना तर त्याहूनही लवकर त्रास होतो. लडाखमधलं झंस्करी तट्टू आणि नाशिकच्या बंगल्यातला मारवाडी घोडा यांना एकच नियम लावता येत नाही तो यामुळे. निफाडला पारा ४-५ अंशांवर येतो, तेव्हा झंस्करी तट्टाला ती सुखाची हवा वाटेल. पण उष्ण मुलखातून नुकत्याच आणलेल्या, अंगावर पातळ केस असलेल्या घोड्याला तीच रात्र जड जाते. सरावायला त्याला दोन-तीन आठवडे तरी द्यावे लागतात.

सराव कुठवर जाऊ शकतो, याचं टोक सैबेरियातल्या याकुतियात दिसतं. तिथले बुटके, केसाळ घोडे बारा महिने उघड्यावर राहतात. हिवाळ्यात पारा उणे ५० च्याही खाली जातो आणि घोडे खुरांनी बर्फ उकरून खालचं वाळलेलं गवत खातात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून कळलं, की हे घोडे तिथल्या हिमयुगातल्या प्राचीन घोड्यांचे वंशज नाहीत. तेराव्या ते पंधराव्या शतकाच्या दरम्यान याकूत लोक दक्षिणेकडून तिथे सरकले आणि त्यांच्यासोबत हे घोडे गेले. केसांची वाढ, चयापचय, अंगाची ठेवण असं सगळं काही शतकांत त्या हवेला जुळवून घेत बदललं. घोड्याच्या जातीत एवढी ताकद आहे. पण ती पिढ्यान् पिढ्यांची कमाई आहे. मैदानातून वर नेलेल्या एकट्यादुकट्या जनावराकडून ती एका हंगामात मागता येत नाही.

पोटातली शेगडी

घोड्याला आतून ऊब मिळते ती मुख्यतः त्याच्या मोठ्या आतड्यातून. गाय-बैलासारखा तो रवंथ करत नाही. त्याने खाल्लेलं गवत, कडबा, भुसा जठर आणि लहान आतड्यातून पुढे सरकून आंधळ्या आतड्यात आणि मोठ्या आतड्यात येतं. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव त्यातला तंतुमय भाग आंबवतात, त्यातून घोड्याला शक्ती मिळते आणि हे आंबवणं चालू असताना सतत उष्णता निघते. मंद आचेवर रात्रभर धुमसणारी ही शेगडी आहे, आणि तिच्यात टाकायचं जळण म्हणजे वैरण. चंदीतल्या दाण्यांतलं पिष्ट बरंचसं लहान आतड्यातच पचतं; त्याची शक्ती लवकर मिळते, पण अशी दीर्घकाळची ऊब त्यातून कमीच मिळते. शिवाय एकदम दाणे वाढवले तर पोटशूळ उठतो, खुरांत दाह होतो. गूळ-बाजरी उष्ण म्हणून ती भरवणाऱ्यांची माया खरी असते. पण रात्रीच्या कडाक्यात घोड्याला तारतो तो समोर टाकलेला चाऱ्याचा भारा.

हिशेब साधा आहे. घोडा दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के सुका चारा खातो. सरावलेल्या घोड्याच्या सीमेखाली पारा गेला की दर अंशाला त्याची शक्तीची गरज अंदाजे अडीच टक्क्यांनी वाढते. झंस्करी तट्टू ३०० किलोंचं धरलं आणि दोन टक्क्यांनी मोजलं, तर रोजचा चारा ६ किलो. तापमान उणे २५ वर गेलं तर दहा अंशांचे पंचवीस टक्के, म्हणजे दीड किलो जास्त. नुसता रोजचा ६ किलो धरला तरी सहा महिन्यांच्या हिवाळ्यासाठी एका तट्टामागे जवळपास ११ क्विंटल चारा लागतो. आणि लडाखमध्ये वर्षाला पीक एकच.

त्यामुळे लडाखी घराकडे पाहिलं की घोड्यांच्या हिवाळ्याची तरतूद रस्त्यावरूनच दिसते. सपाट धाब्याच्या कडेने लसूणघासाच्या आणि गवताच्या पेंढ्या रचलेल्या असतात. जवाचा पेंढा वेगळा. उन्हाळ्यात कापलेला लसूणघास धाब्यावर वाळवताना पानं झडू नयेत म्हणून केवढी काळजी घ्यावी लागते, हे मेमे-लेंच्या सुनेने मला एक पेंढी हातात देऊन दाखवलं. पानं हिरवी, देठ लवचीक. नाकाजवळ नेली तर गेल्या उन्हाळ्याचा वास. रोज संध्याकाळी ती मापून चारा उतरवते. जास्त थंडीच्या रात्री एक जादा पेंढी, आणि ती शक्य तितक्या उशिरा, म्हणजे पहाटेच्या कडाक्यापर्यंत पोटातलं आंबवणं चालू राहावं. छांग ही जवाची दारू गाळल्यावर उरलेला चोथाही जनावरांनाच जातो. या घरात शास्त्राचं पुस्तक कुणी उघडलेलं नाही, पण सिंबालुक-क्रिस्टिसन यांनी आकड्यांत मांडलं तेच इथे पेंढ्यांत मोजलं जातं.

चारा संपला की काय होतं, हे मंगोलियाला ठाऊक आहे. तिथे उन्हाळ्यातला दुष्काळ आणि पाठोपाठ येणारा भीषण हिवाळा अशा जोड आपत्तीला झुद म्हणतात. बर्फ वितळून पुन्हा गोठला की जमिनीवर कडक कवच तयार होतं आणि घोड्याच्या खुराने ते फुटत नाही. २००९-१० च्या झुदमध्ये ८० लाखांहून अधिक जनावरं मेली. मंगोल घोडा थंडीला नवखा नाही. उपाशी पोटी मात्र त्याचाही निभाव लागत नाही.

मराठी वाचकाला यासाठी मंगोलियापर्यंत जायची गरज नाही. १७६० च्या नोव्हेंबरपासून सदाशिवरावभाऊंची फौज पानिपतला मोर्चे बांधून अडकून पडली. डिसेंबरात, मराठ्यांना रसद पुरवण्यासाठी धडपडणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि अन्नाबरोबर वैरणीची वाटही आटली. छावणीत घोडे आणि बैल भुकेने मरू लागले. त्या मुलखात जानेवारीची रात्र चार-पाच अंशांपर्यंत उतरते. दख्खनच्या घोड्याला ही थंडी परकी, पण भरल्या पोटी निभावण्यासारखी. रिकाम्या पोटी तीच थंडी शरीरातली चरबी आणि मग स्नायू जाळायला लावते. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी ज्या घोड्यांवर स्वारांनी मांड टाकली, ते आठवड्यांच्या उपासाने खंगलेले होते. त्या पराभवाची कारणं अनेक आहेत आणि इतिहासकारांनी ती तपशिलाने मांडली आहेत. भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या तट्टांनी उत्तरेच्या हिवाळ्यात काय सोसलं, हे मात्र त्या चर्चेत क्वचितच येतं. ते यायला हवं, कारण त्याच तट्टांच्या बळावर मराठी फौजा उत्तरेत पोहोचल्या होत्या. त्यांचा वारसा सांगणाऱ्या भीमथडी घोड्याची आज स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे, आणि धनगरांचे वाडे अजूनही आपला संसार त्याच्या पाठीवर लादून चालतात.

तहान लपून राहते

उन्हाळ्यात घोडा पाण्यासाठी धडपडतो तेव्हा तहान आपल्याला दिसते. हिवाळ्यातली तहान दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक. हिरव्या गवतात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं. वाळलेल्या वैरणीत दहा-पंधरा टक्के. म्हणजे हिवाळ्यात घोड्याच्या पोटात कोरडा चारा वाढतो आणि पाणी घटतं. आतड्यातला लगदा घट्ट होत जातो, अडकतो आणि घोडा पोटशुळाने लोळायला लागतो. लीद लहान, कोरडी, कडक पडू लागली की ती पहिली सूचना समजायची.

साडेचारशे किलोंच्या घोड्याला सुका चारा खाताना दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं. बर्फ आहेच की आजूबाजूला, खाईल तो, असं म्हणून भागत नाही. याकुतियातले घोडे बर्फावर तहान भागवतात, हे खरं; पण सैल बर्फातून पाणी फार थोडं मिळतं आणि तो वितळवायला अंगातली ऊब खर्च होते. एक किलो बर्फाचं पाणी करायला ८० किलोकॅलरी जातात. दहा किलो बर्फाला आठशे. म्हणजे वैरणीतून मिळवलेली शक्ती पाण्यासाठीच खर्ची पडते.

अमेरिकेतल्या क्रिस्टुला आणि मॅकडॉनेल या संशोधकांनी १९९४ मध्ये तट्टांवरचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. थंडीच्या दिवसांत एकदा फक्त बर्फासारखं गार पाणी ठेवलं, एकदा फक्त कोमट केलेलं. कोमट पाणी असताना तट्टांनी सुमारे ४० टक्के जास्त पाणी प्यायलं. थंड प्रदेशातल्या मोठ्या तबेल्यांत आता विजेवर तापणाऱ्या पाण्याच्या कुंड्या असतात. वीज नसेल तिथे बादलीभर उकळतं पाणी हौदात ओतलं, दिवसातून दोन-तीन वेळा बर्फाची पापडी फोडली आणि चाऱ्याबरोबर थोडं मीठ दिलं तरी खूप फरक पडतो. मेमे-लेंच्या गावात सकाळी ओढ्यावरचा बर्फ पहारीने फोडून भोक पाडतात. वाहतं पाणी खालून वर येतं. ते गोठणबिंदूच्या किंचित वरच असतं, पण वाहतं आणि स्वच्छ असतं. चुलीवर दिवसभर भांडं असतंच. म्हाताऱ्या घोडीची बादली त्यातल्या पाण्याने कोमट होते.

वारा, ओल आणि बंद दारं

कोरडी थंडी घोडा सोसतो. वारा केसांतली अडकलेली हवा उडवून नेतो आणि पाऊस तिची जागा घेतो, तेव्हा तो हरतो. शून्याच्या वर दोन-चार अंश तापमान, बोचरा वारा आणि भुरभुर पाऊस ही हवा उणे १५ च्या कोरड्या, सूर्य तळपणाऱ्या दिवसापेक्षा घोड्याला कितीतरी वाईट. लडाखची थंडी कडक असली तरी कोरडी आहे आणि दुपारी ऊन लख्ख असतं. घोडे अंगाची आडवी बाजू उन्हाकडे करून तासन् तास उभे राहतात आणि वारा सुटला की सगळे एकदम पुठ्ठे वाऱ्याकडे करून माना खाली घालतात.

दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर ही शिकवण फार महागात पडली. १९१० मध्ये रॉबर्ट स्कॉटच्या मोहिमेसाठी मांचुरियातून १९ तट्टं घेतली गेली. त्यांची निगा कॅप्टन लॉरेन्स ओट्सकडे होती. मोहिमेत दाखल होण्यापूर्वी हा घोडदळातला अधिकारी इंदूरजवळच्या महूच्या छावणीत होता. तट्टं म्हातारी आणि अशक्त आहेत हे ओट्सने पाहताक्षणी ओळखलं होतं. बर्फावर मुक्काम पडला की तो आणि त्याचे सोबती प्रत्येक तट्टामागे बर्फाच्या विटांची भिंत बांधत. तरीही वादळात पिठासारखा बारीक बर्फ झुलीखाली, केसांच्या मुळाशी घुसे, अंगाच्या उबेने वितळे आणि तट्टू आतून भिजे. घोड्याला साऱ्या अंगावर घाम येतो, आणि तो घाम तिथे गोठत असे. मोहिमेतल्या कुत्र्यांना अंगावर असा घाम येत नाही. ते बर्फात अंग मुरडून झोपत. १९११ च्या पहिल्या, साठे ठेवण्याच्या फेरीला आठ तट्टं गेली, दोनच परतली. ९ डिसेंबर १९११ ला उरलेली शेवटची तट्टं गोळी घालून मारली. स्कॉटचा प्रतिस्पर्धी रोआल्ड अमुंडसेन फक्त कुत्रे घेऊन निघाला होता आणि तो आधी पोहोचला. ओट्सच्या श्रमांत कमतरता नव्हती. ज्या कामाला आणि ज्या ओल्या वादळांना ते जनावर बनलेलंच नाही, तिथे त्याला नेलं गेलं होतं.

आडोसा म्हणजे चहूबाजूंनी बंद खोली, असं मात्र नव्हे. बंद तबेल्यात मुताचा अमोनिया, चाऱ्याची धूळ आणि श्वासाची वाफ साठते. छतावरून थेंब टपकायला लागले की समजावं, हवा कोंडली आहे. घोड्याची फुप्फुसं नाजूक असतात. थंडीपेक्षा या कोंडलेल्या हवेने खोकला आणि श्वासाचे विकार जास्त जडतात. कोळशाची किंवा लाकडाची शेगडी आत ठेवणं तर जिवाशी खेळ, धुरानेही आणि आगीनेही. तीन बाजूंनी भिंत, वाऱ्याकडे पाठ, उरलेली बाजू मोकळी, वर हवा जायला फट आणि खाली जाड कोरडा अंथर एवढी शेड बहुतेक घोड्यांना पुरते. लडाखी घरांत खालचा मजला जनावरांचा आणि वर माणसं, ही जुनी पद्धत आहे. जनावरांची ऊब वर येते. मेमे-ले वादळाच्या रात्री घोड्यांना खाली घेतात, पण सकाळी पहिलं काम दार सताड उघडून ओला अंथर बाहेर काढणं.

मग झूल घालायचीच नाही का? २०१६ मध्ये नॉर्वेच्या पशुवैद्यकीय संस्थेतल्या सेसिली मेजडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न घोड्यांनाच विचारला. त्यांनी २३ घोड्यांना फळ्यांवरच्या खुणा शिकवल्या. आडवी रेघ म्हणजे झूल घाला, उभी रेघ म्हणजे काढा, कोरी फळी म्हणजे आहे तसं राहू द्या. घोड्याने नाकाने फळीला स्पर्श करायचा. सगळे घोडे शिकले. हवा चांगली असताना त्यांनी झूल नको म्हटलं. पाऊस, वारा आणि गारठा असताना झूल मागितली. त्यांना ऊब हवी होतीच, पण योग्य वेळी. म्हातारा, आजारी, रोडावलेला, केस कातरलेला, नुकताच उष्ण मुलखातून आलेला किंवा पावसात उभा राहणारा घोडा असेल तर झूल जरूर घालावी. ती वरून पाणी अडवणारी आणि आतून हवा खेळू देणारी हवी. रोज काढून खाली हात फिरवावा. खांद्यापाशी घासल्याच्या जखमा होतात आणि आतून घाम साचतो. ओली झूल अंगावर राहिली तर झूल नसण्यापेक्षा जास्त नुकसान करते.

खूर, लगाम आणि हात

इतक्या थंडीत घोड्याचे पाय कसे गोठत नाहीत? गुडघ्याखाली स्नायू जवळपास नसतातच. हाडं, कंडरा आणि कातडी. त्यांना ऊबही कमी लागते. खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या वाहिन्या वर येणाऱ्या गार रक्ताच्या वाहिन्यांना चिकटून असतात आणि ऊब खाली जाण्याआधीच परतणाऱ्या रक्ताकडे सोपवली जाते. पाय गार राहतात, धड गरम राहतं.

त्रास होतो तो खुराच्या तळाशी. नालेच्या आत बर्फ भरतो, तळव्याच्या उबेने थोडा वितळतो, पुन्हा गोठतो, आणि घोडा गोट्यांवर चालल्यासारखा डगमगू लागतो. म्हणून थंड देशांत हिवाळ्यापुरती नाल काढून ठेवतात किंवा तिला टोकदार खिळे बसवून घेतात. तळव्याला चरबी किंवा व्हॅसलीन चोळतात. १८१२ च्या रशियाच्या स्वारीत नेपोलियनचा अश्वाधिकारी कोलँकूर याने बादशाही तबेल्यातल्या घोड्यांना बर्फावर पकड घेणारी नाल आधीच ठोकून घेतली होती. बाकीच्या फौजेने तशी तरतूद केली नाही. परतीच्या वाटेवर गोठलेल्या चढ-उतारांवर तोफांचे आणि गाड्यांचे घोडे घसरून पडत गेले, आणि उपाशी असल्याने पुन्हा उठू शकले नाहीत. नालबंदाचं एका दिवसाचं काम किती मोलाचं असतं, याचा एवढा मोठा दाखला दुसरा नाही.

लगामाचंही तसंच. उणे तापमानातलं लोखंड ओल्या जिभेला चिकटतं आणि कातडी सोलवटते. जाणता माणूस लगामाचा लोखंडी भाग घोड्याच्या तोंडात देण्याआधी आपल्या कोटाच्या आत, काखेत धरतो आणि तो ऊबदार झाला की मगच देतो. रपेट संपल्यावर घामेजलेल्या घोड्याला उभं ठेवत नाहीत. सावकाश फिरवतात, कोरड्या पेंढ्याच्या जुडीने छाती, पोट, कमरेखालचा भाग चोळतात. केस कोरडे होऊन पुन्हा उभे राहिले की मगच त्याला ठाणावर बांधतात.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी हाताने करायची. हिवाळी केसांखाली घोडा गुबगुबीत दिसतो आणि आत बरगड्या निघालेल्या असतात. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये घोड्याची अंगकाठी १ ते ९ गुणांत मोजण्याची पद्धत मांडली. तिचा गाभा हात फिरवण्यात आहे: मान, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ. थोडं दाबल्यावर बरगड्या हाताला लागाव्यात, पण वरून टोचू नयेत. दर दोन-तीन आठवड्यांनी हा हात फिरला तर वसंतात घोड्याने केस टाकल्यावर आतून सापळा बाहेर येत नाही.

केदारनाथची चढण

हे सगळं महाराष्ट्राशी जोडलं जातं ते केदारनाथच्या वाटेवर. गौरीकुंडापासून मंदिरापर्यंत साधारण १६ किलोमीटरची चढण. मंदिर साडेतीन हजार मीटरच्या वर. दरवर्षी हजारो मराठी यात्रेकरू ही चढण घोड्या-खेचरांच्या पाठीवर पार करतात. यातली बरीचशी जनावरं खालच्या मैदानी भागातून आलेली असतात. मे महिना आपल्याकडे उन्हाचा. तिथे दुपारनंतर गार पाऊस, गारा, कधी बर्फ. जनावर चढताना घामाने निथळतं, वर पोहोचून वाऱ्यात उभं राहतं, वरून पाऊस. दुसरी फेरी लवकर मिळावी म्हणून चाऱ्याला आणि पाण्याला उसंत मिळत नाही. घोड्याला थंडीत जे जे टाळायला हवं, ते सगळं इथे एकाच दिवसात घडतं.

शिवाय खेचर म्हणजे घोडा नव्हे. त्यात अर्धं गाढव असतं, आणि गाढवाचे पूर्वज आफ्रिकेच्या कोरड्या, उष्ण मुलखातले. २०१८ मध्ये ब्रिटा ओस्टहाउस आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या गाढवांचे, खेचरांचे आणि घोड्यांचे केस वर्षभर मोजले. घोड्यांचे केस हिवाळ्यात चांगले वाढले, गाढवांचे फारसे नाहीत, खेचरांचे या दोघांच्या मधले. जे जनावर आपण सर्वांत काटक म्हणून सर्वांत जास्त राबवतो, त्याला थंड पावसात घोड्याहून जास्त आडोसा लागतो.

२०२२ च्या यात्रेत या वाटेवर मोठ्या संख्येने जनावरं दगावली. प्रश्न उत्तराखंड उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर रात्रीच्या वाहतुकीवर बंदी, जनावरांची तपासणी, वाटेत गरम पाण्याची सोय अशी पावलं उचलली गेली. घोड्यांसाठी गरम पाणी, हे वाचून कुणाला चैन वाटेल; पण पोटशुळाने रस्त्याच्या कडेला कोसळणारं खेचर वाचवण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. नियम कागदावर आले की ते पाळले जाण्यासाठी दोन माणसं लागतात. एक जनावराचा मालक, ज्याचं घर यात्रेच्या हंगामातल्या कमाईवर चालतं. दुसरा त्याला पैसे देणारा यात्रेकरू. मालकाला दोष देऊन आपण मोकळे होतो, पण एका दिवसात दोन फेऱ्यांची घाई आपल्याच मागणीतून येते, आणि फेरीचा भाव आपण जेवढा पाडतो तेवढी वैरण कमी होते.

दरवर्षी भाऊबीजेला केदारनाथाचे दरवाजे बंद होतात आणि ती जनावरं खाली उतरतात. त्यातली काही वीटभट्ट्यांवर विटा वाहायला जातात. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात, तापीकाठच्या थंडीत, हजारो घोडे उभे राहतात. पुढच्या वर्षी मंदिराचे दरवाजे उघडायच्या आधीच आपल्याकडे यात्रांची आरक्षणं सुरू होतात. वर जाल तेव्हा काही गोष्टी करता येतात. बसण्याआधी जनावराच्या बरगड्यांवरून हात फिरवा. टोचत असतील तर दुसरं जनावर मागा आणि का ते सांगा. आजची ही कितवी फेरी, ते विचारा. वर पोहोचल्यावर लगेच परतीची घाई करू नका; त्याला चारा-पाणी मिळेल एवढा वेळ ठरवतानाच धरा आणि त्या वेळेचे पैसे वेगळे द्या. पावसात पाठ भिजलेली असेल तर कोरडी करून घ्यायला सांगा. सारंगखेड्याहून घोडा विकत आणणार असाल, तर किमतीच्या बोलीबरोबर त्याच्या पहिल्या हिवाळ्याचा कडबा आणि पाण्याचा हौदही हिशेबात धरा. लडाखमधलं एक घर एकाच पिकाच्या चाऱ्यावर सहा महिन्यांच्या बर्फात आपले घोडे धडधाकट राखतं. आपल्याकडे वैरण, पाणी आणि पैसा तिथल्यापेक्षा जास्त आहे. तेव्हा ज्या जनावराच्या पाठीवर बसून आपण देवाच्या दारी जातो, त्याच्या पोटात चारा आहे की नाही हे पाहणं यात्रेच्या पुण्यातच धरलं पाहिजे.